ऐनवेळचे विषय

ग्रामपंचायतीची विषयपत्रिका ज्यांनी एकदा तरी वाचली आहे त्यांना ठाऊक असेल, की तिच्यातला पहिला आणि शेवटचा विषय ब्रह्मदेवाने लिहून ठेवलेला असतो. पहिला, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. शेवटचा, मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय. मधे जमाखर्च, दिवाबत्ती, घरकुलाची यादी, पाणीपट्टीची थकबाकी वगैरे मंडळी दाटीवाटीने बसलेली असतात, पण त्यांच्यासाठी कुणी चप्पल घालून घराबाहेर पडत नाही. खरी सभा शेवटच्या विषयाला सुरू होते. मोबाइलचा टॉवर कुणाच्या माळ्यावर, यात्रेतल्या पाळण्याचा ठेका कुणाला, गायरानातली ती कोपऱ्यातली जागा कुणाच्या मेव्हण्याला, हे सगळं ऐनवेळी सुचतं. सुचणाऱ्याला ते सहा महिन्यांपूर्वीच सुचलेलं असतं, एवढीच काय ती भानगड.

तेव्हा तातडी ही आपल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना नवी नाही. उलट तातडीशिवाय आपलं पानही हलत नाही. म्हणून २०२० साली जेव्हा खरीखुरी आपत्ती दारात येऊन उभी राहिली, तेव्हा सभा कशी घ्यावी असा प्रश्न जगभरच्या नगरपालिकांना पडला, आणि आपल्याला पडला तो जरा वेगळाच. नेहमीची तातडी आणि ही तातडी यांतला फरक ओळखायचा कसा?

कायदा तसा भक्कम आहे. १९५८ सालचा आपला ग्रामपंचायतीचा कायदा होताच. पुढे ७३वी घटनादुरुस्ती झाली, ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, आणि ग्रामसभेला थेट राज्यघटनेत खुर्ची मिळाली. वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्यायच्या, सात दिवस आधी नोटीस काढायची, दवंडी द्यायची, आणि एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे लोक जमले तर सभा खरी. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

खोट काढायला जागा असते ती नोटीस बोर्डात. हा बोर्ड काचेचा असतो आणि त्याला कुलूप असतं. किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई तालुक्याला गेलेला असतो. त्यामुळे नवी नोटीस काचेच्या आत जाऊ शकत नाही. ती बाहेर, दाराच्या मागे चिकटवली जाते. दार दिवसभर उघडं असतं, कारण कार्यालय जनतेसाठी खुलं असतं. म्हणजे जितका वेळ कार्यालय खुलं, तितका वेळ नोटीस झाकलेली. दवंडीचं म्हणाल तर ती हल्ली कचऱ्याच्या गाडीच्या भोंग्यावरून होते. ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा आणि उद्या ग्रामसभा, असं एका दमात ऐकल्यावर माणूस तिसरी गोष्टही बादलीत टाकतो.

मग शंभर माणसं जमवायची कशी? त्यासाठी पूर्वसूरींनी तारखा शोधून ठेवल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. शाळेच्या पटांगणात झेंडा वर जातो, पोरांना बिस्किटं वाटली जातात, आणि त्याच गर्दीत रजिस्टर फिरू लागतं.

"तात्या, एक सही करा."

"कशाची?"

"हजेरीची हो. झेंड्याला आलाय ना?"

तात्या सही करतात. पुढच्या अर्ध्या तासात तात्यांनी दोन गटारं, एक व्यायामशाळा आणि पाणीपट्टीतली वाढ मंजूर केलेली असते, आणि स्वतः तात्या घरी पोहे खात बसलेले असतात. संध्याकाळी पारावर पाणीपट्टी वाढवणाऱ्यांना सर्वांत जास्त शिव्या तेच घालतात.

एवढं करूनही आकडा भरला नाही, तर सभा तहकूब होते. आणि तहकूब सभा ही या सगळ्या कायद्यातली सर्वांत सोयीची वस्तू आहे, कारण तिला गणपूर्तीची अट नाही. फक्त नवा विषय घेता येत नाही. हे कळल्यापासून आमचे भाऊसाहेब दोन नोटिसा एकदमच टाइप करून आणतात, एक न होणाऱ्या सभेची आणि एक होणाऱ्या. (ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. २०२४ मध्ये सरकारने त्या पदाचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं. गावाने ते इतिवृत्तात नोंदवून घेतलं आणि भाऊसाहेब म्हणणं चालू ठेवलं.)

आता खुल्या सभेविषयी. सभा लोकांना पाहता यावी हे तत्त्व आपल्याकडे गावापासून महानगरापर्यंत मान्य आहे. महापालिकांच्या नियमांत तर सभा खुलीच राहील, हजर नगरसेवकांनी बहुमताने ठरवलं तरच एखादी चर्चा बंद दाराआड होईल, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. शहरात त्यासाठी प्रेक्षक गॅलरी असते. गावात गॅलरी नसते, खिडकी असते. पंचायतीच्या मासिक सभेला आत सदस्य बसतात आणि खिडकीशी गाव उभं राहतं. खिडकीतल्या माणसाला कायद्यात काही हुद्दा नाही, मत नाही, पण ठरावाला हात वर करण्यापूर्वी आतला प्रत्येक सदस्य एकदा खिडकीकडे बघून घेतो. तिथे वरच्या आळीची आक्का उभी असेल तर नळाचा विषय आतल्या आत मिटत नाही.

"माझ्या दारातला नळ कुटं गेला, ते आधी लिवा," आक्का गजांमधून सांगते.

"आक्का, हा विषय पत्रिकेवर नाही."

"मग नळ तरी पत्रिकेवर हुता का, काढून न्यायच्या येळी?"

लोकप्रशासनावरच्या जाड पुस्तकांत उत्तरदायित्वावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. ती मी वाचलेली आहेत. आक्काच्या या एका प्रश्नाच्या वर त्यांत काही नाही.

मार्च २०२० मध्ये ही खिडकी बंद झाली. बंद करायला सरकारजवळ दोन कायदे होते. एक २००५ चा आपत्ती व्यवस्थापनाचा आणि दुसरा १८९७ चा साथरोगांचा. हा दुसरा कायदा प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईघाईने केला होता. तोही म्हणजे ऐनवेळचाच विषय, जो पुढे सव्वाशे वर्षं टिकला. पुणेकरांना त्या साथीबरोबर रँडसाहेबही आठवतो, पण ते असो. जमाव नको म्हणून राज्यात ग्रामसभा स्थगित झाल्या. निर्णय रास्तच होता, त्याबद्दल तक्रार नाही. गंमत एवढीच, की ज्यांनी जन्मात ग्रामसभेचं तोंड पाहिलं नव्हतं अशा मंडळींनाही एकाएकी हळहळ वाटू लागली. आमचा लोकशाही हक्क हिरावला, असं एकजण मला फोनवर म्हणाला. या गृहस्थाची सही मागच्या सगळ्या रजिस्टरांत आहे आणि अक्षर शिपायाचं आहे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात गावाने इतिहासातली सर्वांत भरगच्च सभा घेतली. नोटीस नाही, दवंडी नाही, सात दिवस तर सोडाच, सात मिनिटंही नाहीत. मुंबई-पुण्याहून माणसं निघाल्याची बातमी आली आणि अख्खं गाव तोंडाला उपरणं गुंडाळून वेशीवर गोळा झालं. बाभळीच्या फांद्या आल्या, एक मोडकी बैलगाडी आडवी लावली गेली, रात्रीचा पहारा कुणाचा ते ठरलं. सूचक कोण, अनुमोदक कोण, कुणी विचारलं नाही. गणपूर्ती पंधरा टक्क्यांच्या कितीतरी पुढे गेली होती. विरोध फक्त एकाने नोंदवला, आणि तो फांद्यांच्या पलीकडून. कारण तो स्वतःच पुण्याहून आलेला होता आणि सरपंचांचा सख्खा भाचा होता. त्याला शाळेत ठेवायचं की वस्तीवरच्या घरात, यावर जी चर्चा झाली तिची सर विधिमंडळाला यायची नाही. या सभेचं इतिवृत्त कुणी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते कायम करायला पुढच्या सभेत दोन्ही बाजूंची डोकी फुटली असती.

मग आला मुदतीचा प्रश्न. लोकनियुक्त मंडळाची मुदत पाच वर्षं, आणि ती घटनेनेच ठरवून दिलेली. साथ आहे म्हणून सरपंचाला आणखी सहा महिने बसा म्हणता येत नाही. राज्यातल्या पंधराशेहून जास्त गावांत ३१ मार्च २०२० ला मतदान व्हायचं होतं, ते राहिलं. पुढे वर्षअखेरपर्यंत मुदती संपत गेल्या आणि हा आकडा १४,२३४ ग्रामपंचायतींवर गेला. आता तिथे प्रशासक नेमायचा. जुलैमध्ये सरकारने आदेश काढला, की पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातली योग्य व्यक्ती प्रशासक म्हणून नेमावी.

योग्य व्यक्ती! हे दोन शब्द ज्या अधिकाऱ्याने मंत्रालयात बसून टाइप केले, तो खेड्यात कधी राहिला नसावा. गावात जेवढे मतदार तेवढ्याच योग्य व्यक्ती असतात, आणि निवडणूक म्हणजे उरलेल्या अयोग्य ठरवण्याची पद्धत असते. महिनाभर पांढऱ्या कपड्यांना इस्त्री महाग झाली. मास्क असूनही माणसं एकमेकांना लांबूनच ओळखू लागली, कारण प्रत्येकाच्या काखेत बायोडाटा. शेवटी प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि योग्य व्यक्ती मागे राहून सरकारी अधिकारीच प्रशासक झाले. एकेका विस्तार अधिकाऱ्याच्या गळ्यात कितीतरी गावं पडली. त्यातल्या एकाला मी विचारलं, "साहेब, आमच्या गावची सभा कधी?" ते म्हणाले, "तुमचं गाव माझ्याकडे आहे?"

जिथे मुदत शिल्लक होती तिथे कारभार फोनवर आला. बीडीओसाहेबांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, हा शब्द त्या वर्षी गावोगाव रुळला. आपल्याकडे पंचायतींत निम्म्या जागा महिलांना आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बाईंच्या शेजारी एक अनधिकृत पद असतं, सरपंचपती. प्रत्यक्ष सभेत हे गृहस्थ कुठे बसतात ते सगळे बघतात आणि कुणी काही बोलत नाही. व्हीसीत मात्र त्यांची पंचाईत झाली. पडद्यावर एकच माणूस दिसणार, आणि तो सरपंच असायला हवा. त्यामुळे बाई पडद्यावर आणि साहेब पडद्याबाहेर अशी वाटणी झाली. सॅनिटायझर किती लिटर, असं तालुक्यातून विचारलं की बाई डावीकडे बघायच्या, मग उत्तर यायचं. कधी नुसतीच कागद धरलेली एका हाताची मूठ पडद्यात यायची, अंगठीसकट. शेजारच्या गावच्या एका सरपंचबाईंना याचा कंटाळा आला. घरात रेंज नाही असं सांगून त्या फोन घेऊन थेट विहिरीच्या मळ्यात गेल्या आणि उसाच्या कडेला उभ्या राहून बोलल्या. किती कुटुंबांना रेशन मिळालं नाही, कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, आशाताईंचं मानधन कुठे अडलं आहे, सगळं तोंडपाठ. त्यांचे यजमान घरी रेंजमध्ये बसून राहिले. साथीने ज्या काही थोड्या बऱ्या गोष्टी केल्या त्यांत मी ही मोजतो.

शहरांची तऱ्हा निराळी. तिथे जुलै २०२० मध्ये नगरविकास खात्याने सर्वसाधारण सभा दूरदृश्य पद्धतीने घ्यायला सांगितलं. त्याआधी प्रत्यक्ष सभेचे प्रयोग झालेच. नागपूर महापालिकेने जूनमध्ये अंतर राखता यावं म्हणून सुरेश भट सभागृहात सभा भरवली. एरवी महापालिकेत सभात्याग करतात ते नगरसेवक. इथे आयुक्त तुकाराम मुंढेच सभेतून उठून चालते झाले. गझलकाराच्या नावाचं सभागृह. मतल्यालाच मैफल उधळली.

ऑनलाइन सभेने आपल्या संसदीय परंपरेचं जे नुकसान केलं त्याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. महापौरांपुढचा राजदंड पळवणं ही आपल्याकडची एक मान्यवर संसदीय कृती आहे. विरोधकाने राजदंड उचलायचा, सुरक्षारक्षकाने धरायचा, दोघांनी फोटोग्राफर नीट जागेवर आहे ना हे बघून थोडी ओढाताण करायची. आता राजदंड महापालिकेच्या सभागृहात, महापौर आणि नगरसचिवही तिथेच, आणि विरोधक सहकारनगरातल्या किंवा सिडकोतल्या आपल्या दिवाणखान्यात. पळवायचं काय, रिमोट? सभात्यागाचं तर त्याहून वाईट. नगरसेवक संतापून पडद्यावरून निघून गेला तरी पाच मिनिटांनी सचिव विनम्रपणे विचारणार, "माननीय सदस्य, आवाज येतोय का?" निषेध झाला की नेट गेलं, इतिवृत्तात काय लिहायचं?

आणि ते बटण. सर्वांना म्यूट करण्याचं. सभागृहातल्या गोंधळाला कंटाळलेल्या कित्येक महापौरांनी मनातल्या मनात देवाकडे जे मागितलं असेल, ते तंत्रज्ञानाने एका टिचकीत दिलं. घोषणा देणारी तोंडं दिसताहेत, हात वर आहेत, एकजण फलक हलवतो आहे आणि सभागृहात शांतता. "सर्वानुमते मंजूर." मधेच कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी आली तर तेवढीच काय ती उपसूचना.

या काळात इंग्लंडमधल्या हँडफर्थ नावाच्या गावच्या पॅरिश कौन्सिलची चित्रफीत आपल्याकडेही फिरली. सभा डिसेंबर २०२० मधली, जगाने पाहिली फेब्रुवारी २०२१ मध्ये. सभा चालवायला आलेल्या अधिकारी बाईंना अध्यक्ष तुमचा अधिकारच काय म्हणून डाफरले, आणि बाईंनी शांतपणे बटण दाबून अध्यक्षांनाच सभेबाहेर काढलं. उपाध्यक्ष नियम वाचा, नियम वाचा म्हणून ओरडत राहिले. आमच्या गावात ज्याने ज्याने ती पाहिली तो म्हणाला, हे तर आपलंच. फरक इतकाच, की असं बटण आमच्या भाऊसाहेबांच्या हातात दिलं तर ते सर्वांत आधी स्वतःला बाहेर काढतील. पण त्या गोऱ्या लोकांची एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. साथीसाठी दिलेली ऑनलाइन सभेची परवानगी त्यांच्याकडे ७ मे २०२१ ला संपायची होती, आणि संपली. काही मंडळी मुदतीआधी न्यायालयात गेली होती. १९७२ च्या कायद्यातली सभा म्हणजे माणसांनी एका जागी जमणं, असं सांगून न्यायालयाने त्यांना सभागृहाची वाट दाखवली. सवलत चांगली की वाईट हा वाद तिथे अजूनही होत असेल, पण सवलतीला शेवटची तारीख होती.

आपल्याकडे तातडीला सुरुवातीची तारीख असते. शेवटची नसते.

महापालिकेच्या कामकाजाची ज्यांना जवळून माहिती आहे त्यांच्यापुढे सदुसष्ट-तीन-क एवढं नुसतं म्हणून बघा, त्यांच्या चेहऱ्यावर एक समंजस हसू येईल. १९४९ च्या महापालिका अधिनियमातलं ६७(३)(क) हे कलम. लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला अचानक धोका निर्माण झाला तर आयुक्ताने सभेची वाट न पाहता जे करायचं ते करावं, खर्च करावा, आणि काय केलं, का केलं, किती लागले, हे स्थायी समितीला आणि महापालिकेला लगोलग कळवावं. कलम शहाणपणाचंच आहे. भिंत कोसळत असताना निविदा काढत बसणारा आयुक्त कुणाला हवा आहे? साथीच्या काळात ऑक्सिजन आणि खाटा उभ्या करायला असाच अधिकार लागतो. माझी तक्रार त्या वापराबद्दल नाही.

माझी तक्रार पावसाळ्याबद्दल आहे. आपल्याकडे पावसाळा हीसुद्धा अचानक येणारी आपत्ती आहे. मृगाची तारीख पंचांगात छापलेली असते, हवामान खातं एप्रिलपासून सांगत असतं, बेडकांनाही अंदाज असतो. पण नालेसफाईचा विषय मात्र दरसाल मे महिन्याच्या उत्तरार्धात धावत येतो, आणि येताना ओरडत येतो: वेळ नाही, वेळ नाही, ऐनवेळचा विषय म्हणून घ्या! आमच्या शहरात एकदा दुभाजकांतली झाडं तातडीची बाब म्हणून लावली गेली. शोभेची झाडं. ती न लावल्याने कुणाच्या जिवाला धोका होता, हे मी गॅलरीत बसून ऐकायला गेलो होतो. विषय वाचून संपण्यापूर्वी मंजूर झाला. झाडं पुढच्या उन्हाळ्यात तातडीने वाळली.

ग्रामपंचायतींचं त्या मानाने लवकर मार्गी लागलं. १५ जानेवारी २०२१ ला त्या १४,२३४ पैकी बहुतेक गावांत मतदान झालं, त्यानंतर ग्रामसभाही परत सुरू झाल्या आणि आक्का खिडकीशी येऊन उभी राहिली. नळ अजून यायचा होता. शहरांचं मात्र अडलं ते अडलंच. तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेत एप्रिल २०२० मध्ये प्रशासक आला. मुंबई आणि पुण्यात मार्च २०२२ मध्ये. साथ ओसरली, मास्क गेले, लोक महाबळेश्वरला जाऊन आले. मग आरक्षण, मग प्रभागरचना, मग न्यायालयातल्या तारखा. मुंबई-पुण्याच्या मतदारांना मतदान केंद्र दिसलं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. औरंगाबादचं तोवर नावही बदलून छत्रपती संभाजीनगर झालं होतं.

मधल्या वर्षांत त्या महापालिकांमध्ये सभा होत नव्हत्या असं समजू नका. होत होत्या. प्रशासक हा आयुक्त, स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा असा तीनपदरी असतो. सकाळी आयुक्त म्हणून त्याने प्रस्ताव ठेवायचा, दुपारी स्थायी समिती म्हणून त्याची छाननी करायची, चहानंतर सर्वसाधारण सभा म्हणून मंजुरी द्यायची. गणपूर्ती शंभर टक्के. सभात्याग नाही, राजदंडाला हात नाही, कुकर नाही. मागील सभेचे इतिवृत्त दरवेळी एकमताने कायम. काही सुशिक्षित मंडळी मला म्हणाली, बघा, नगरसेवक नसले की कामं कशी झटपट होतात. होतात ना. हजारो कोटींचं अंदाजपत्रक एका माणसाने मांडून त्याच माणसाने मंजूर करायला वेळ कितीसा लागणार? फक्त गॅलरीत जाऊन बसायचं म्हटलं तर गॅलरीला कुलूप, आणि खिडकी शोधायची म्हटली तर ती बाराव्या मजल्यावर.

मला विचाराल तर आपत्तीत सभा बंद ठेवायला हरकत नाही, कारभार एका हातात द्यायलाही हरकत नाही. पण त्या आदेशाच्या पहिल्याच ओळीत तो संपण्याची तारीख असावी, आणि तारीख नसेल तर आदेश ऐनवेळचे विषय याखाली घेऊ नये.

तोवर तुम्ही एक करा. पुढच्या ग्रामसभेची तारीख भाऊसाहेबांना विचारून ठेवा, नोटीस दाराच्या मागे बघा. शहरात असाल तर महापालिकेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेला गॅलरीचा पास मागा. आता नगरसेवक आले आहेत, ते मिळवून देतील, निवडून आल्याला फार दिवस झालेले नाहीत. प्रश्न तोंडी विचारू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. आणि रजिस्टर पुढे आलं तर सही जरूर करा, पण सभा संपल्यावर, ठराव लिहून झाल्यावर आणि तो वाचून.